बाईंचा उजवा डोळा

राजुऱ्याहून दोन बस बदलून मी त्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा पिशवी अजून खांद्यावरच होती. व्हरांड्यात एक उंच, सडपातळ बाई समोर आल्या. पांढरी सुती साडी, वर बाह्या दुमडलेला एप्रन, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ.

"नवे मॅनेजर तुमीच काय जी?"

मी हो म्हणालो.

"डावा हात."

मी हात पुढे केला. त्यांनी करंगळीशेजारचं बोट धरलं, कापसाने पुसलं आणि मी काही बोलायच्या आत टोचलं. थेंब काचेवर घेऊन त्या आत निघून गेल्या. बोटाला लावायला कापूस दिला तो मागून आलेल्या वॉर्डातल्या आयाने.

"सगळ्याइचं घेते बाई," ती हसत म्हणाली. "अध्यक्षसाहेबाइचंही घेतलं होतं."

ही आया म्हणजे ललिता. तिच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

दवाखाना एका ट्रस्टचा होता. गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला, तीस खाटांचा. बाई तिथल्या लॅबमध्ये एकट्या होत्या, आणि मी यायच्या किती तरी आधीपासून होत्या. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या नुसत्या 'बाई'. मूळच्या सिरोंच्याच्या. घरात तेलुगू, बाहेर आमची मराठी, आणि जंगलातल्या गावांतून आलेल्या माणसांशी गोंडी. 'सेवा जोहार' म्हणत त्या पेशंटच्या शेजारी जमिनीवर फतकल मारून बसत आणि आधी त्याच्या गावातल्या मोहाला यंदा बार कसा आहे ते विचारत. आजार नंतर.

त्यांची बोटं कायम निळी-जांभळी असायची. काचेवरच्या रक्ताला रंग द्यायचा तो रंग. साबणाने जात नाही म्हणत, पण मला वाटतं त्यांनी कधी जोर लावून धुतलंच नाही. खिडकीपाशी एक सूक्ष्मदर्शक होता, त्यावर डोळा लावून त्या तेलुगूत मोजत बसायच्या. ओकटी, रेंडू, मूडू. एकेका काचेवरच्या शंभर जागा पाहायच्या, हा नियम. मध्ये कोणी दार ढकलून "बाई, चहा" म्हटलं की त्या मान न वळवता म्हणायच्या, "सत्तरपर्यंत आली होती मी." आणि पुन्हा ओकटीपासून सुरू. त्यामुळे लॅबच्या दारावर टकटक करायचीही कोणाची हिंमत नव्हती. चहा त्या बाहेर मोहाखाली बसून घ्यायच्या, बिनदुधाचा.

हिवतापाच्या रिपोर्टवर 'निगेटिव्ह' हा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. त्या लिहायच्या, 'दिसला नाई'. एका नव्या डॉक्टरांनी यावरून माझ्याकडे तक्रार केली. मी बाईंना म्हणालो, "बाई, छापील फॉर्म आहे आपला. त्यावर एक शब्द लिहायला काय होतं?"

"मले दिसला नाई एवढं मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "नाईच आहे असं मी काऊन लिहू? मी काय त्याच्या आंगात जाऊन आली?"

एकदा अशाच 'दिसला नाई'च्या कागदावर एक आई लेकराला घेऊन घरी निघाली. बाईंचं मन भरलं नव्हतं. त्यांनी तीच काच पुन्हा घेतली, आणि दुसऱ्या खेपेला, अगदी कडेला, हिवतापाचा जंतू दिसला. त्या एप्रनसकट धावत फाट्यावर गेल्या. एसटी सुटत होती. मी मागे धावत होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या, निळा हात वर. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बाई, टाइम झाला ना!"

"तुया टाइमाले थांबव जरासा," बाई म्हणाल्या. "माही चूक झाली. ती दुरुस्त कराची आहे."

अख्ख्या बससमोर, मोठ्याने. ते लेकरू आठ दिवस आमच्याकडे राहिलं आणि खेळत घरी गेलं. मी आजवर ज्या ज्या कचेऱ्यांत काम केलं तिथे 'माझी चूक झाली' हे इतक्या सहज म्हणणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. मला स्वतःलाही ते जमलेलं नाही. हे सगळं लिहितो आहे ते म्हणूनच.

काम वाढत गेलं. आधी दवाखान्यात आसपासची गावं यायची, मग रस्ता झाला आणि लांबची यायला लागली. व्हरांड्यात सकाळी बसलेली माणसं दुपारी तिथेच दिसायची, रक्त देऊन रिपोर्टची वाट बघत. डॉक्टर चिडायचे. बाई एकच म्हणायच्या, "मले दोन माणसं द्या. मी शिकवतो." आमच्या भागात बायकाही 'मी शिकवतो' असंच म्हणतात.

ट्रस्टने जाहिरात दिली. चंद्रपूरहून तिघं जण मुलाखतीला आले. दोन मुलगे, एक मुलगी, तिघांकडेही डिप्लोमा. कागदपत्रं मी पाहिली. मग बाईंनी तिघांना लॅबबाहेर बाकावर बसवलं आणि प्रत्येकापुढे तांदळाची एकेक थाळी ठेवली.

"यात तीन खडे टाकले आहेत. पांढरे. शोधा."

एका मुलाने थाळीला हातच लावला नाही. "मी लॅब टेक्निशियन आहे, स्वयंपाकी नाही," म्हणून तो उठला. बाकी दोघांनी तीन खडे काढून थाळी पुढे सरकवली. बाईंनी थाळ्या परत त्यांच्याकडे ढकलल्या.

"चार होते."

"तुम्ही तर तीन सांगितले होते," मुलगी म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं.

"हाव. मी सांगतले तीन," बाई म्हणाल्या. "डॉक्टरही तुले सांगन, ह्याले ताप आहे, त्याले नाई. तू तेवढंच पाह्यशीन काय?"

तिघंही दुपारच्या बसने परत गेले. बाकावर राहिलेली त्या मुलीची थाळी ललिताने उचलली. आत नेता नेता चालतानाच तिने चौथा खडा काढला, पाचवा कुठे आहे का म्हणून पुन्हा बोट फिरवलं, आणि मगच थाळी खाली ठेवली. बाई दारातून बघत होत्या.

"हिले द्या मले," त्या मला म्हणाल्या.

ललिता दहावी झालेली होती. नवरा वारलेला, वय पस्तिशीच्या आसपास. तिला लॅबमध्ये घेता येणार नव्हतं, रिपोर्टवर सही करायला डिप्लोमा लागतो. मी हे बाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी संपल्यावर ललिताला सूक्ष्मदर्शकापाशी बसवायला लागल्या. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

विश्वस्त मात्र संतापले होते. तांदळाची गोष्ट त्यांच्यापर्यंत गेली होती. त्याच सुमारास शहरातल्या एका खाजगी लॅबचा माणूस आला. त्याचं म्हणणं साधं होतं. नमुने आमची गाडी रोज दुपारी घेऊन जाईल, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी तुमच्या फोनवर. आमच्याकडे मशिनी आहेत, शिकलेली माणसं आहेत, तुम्हाला कशाचीच काळजी नको. अध्यक्षांनी मला सांगितलं, दोन्ही बाजू तपासून टिप्पणी लिहा. आपली माणसं वाढवायची की काम बाहेर द्यायचं.

मी खरोखर दोन्ही बाजू तपासल्या. बाहेर दिलं तर रिपोर्ट एक दिवस उशिरा, आणि रस्ता बंद झाला तर नमुने इथेच. आपली माणसं घ्यावीत तर ती टिकत नव्हती. बाईंच्या हाताखाली आधीही दोघं आली होती, सहा-सहा महिन्यांत निघून गेली. जंगलात कोण राहणार? माझी टिप्पणी आठवडाभर अर्धवट पडून होती.

तेव्हाच एका दुपारी बाईंनी मला मोहाखाली बोलावलं. पेल्यातला चहा तसाच होता.

"मॅनेजरभाऊ, एक सांगाचं आहे. डाव्या डोळ्यानं मले आता काहीच दिसत नाई. उजवा आहे. पण त्यालेही कडेनं धुकं येऊन राह्यलं."

मी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलं?"

"नागपूरले दाखवलं. गेलेलं परत येत नाई म्हणते. आहे ते टिकवाचं औषध देल्लं." त्यांनी पदराने घड्याळाची काच पुसली. "आता मी एकेक काच दोनदा पाह्यतो. म्हणून तर लाइन लागून राह्यली. मले साल-सहा महिने भेटले, तर ललिता तयार होते. कागदासाठी कोणीतरी डिप्लोमावाला घ्या, पाह्यणारी ही राहू द्या. पण हे कोणाले सांगू नका. तुमाले सांगतलं तेवढं पुरे."

मी नाही सांगणार म्हणालो.

त्या रविवारी मी टिप्पणी पूर्ण केली. काम बाहेर द्यावं अशी शिफारस केली. कारणांमध्ये शेवटून दुसरी ओळ अशी होती: 'विद्यमान तंत्रज्ञ बाईंची दृष्टी अधू झाली असून, रुग्णांच्या हिताचा विचार करता विलंब करणे योग्य होणार नाही.' ओळ खरी होती. मी स्वतःला तेच सांगत होतो. चुकून एखाद्या काचेवर त्यांना दिसलं नाही आणि कोणी दगावलं तर, हा विचार खोटा नव्हता. पण तीच ओळ दोन माणसं लगेच घ्या असं सांगायलाही वापरता आली असती. मी ती दुसऱ्या बाजूला वापरली, कारण त्या ओळीपुढे कोणी वाद घालणार नव्हतं आणि मला तो विषय संपवायचा होता.

बैठकीला बाईंनाही बोलावलं होतं. हे मला माहीत नव्हतं. अध्यक्षांनी टिप्पणी मोठ्याने वाचली. ती ओळ आली तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मान थोडी डावीकडे वळवून पाहिलं, उजवा डोळा माझ्यावर येईल अशी. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या कित्येक महिने सगळ्यांकडे असंच बघत होत्या.

"बाई, हे खरं आहे का?" अध्यक्षांनी विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. आवाज हळू केला होता त्यांनी.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "लिहिलं ते खरं आहे."

मग त्यांनी विचारलं, "नमुना दुपारी जाईन, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येईन. तोपर्यंत माणूस कुठी राहीन?"

"फोनवर कळवू ना आपण," एक विश्वस्त म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या आणि उठल्या. ललिताबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर चोरून शिकवत होत्या हे उघड झालं असतं आणि तिची आयाची नोकरीही गेली असती. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पंधरा दिवसांनी त्या सिरोंच्याला बहिणीकडे गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. सूक्ष्मदर्शकावर पिवळं फडकं बांधून खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "बसा जी, काम करा."

बाहेरच्या लॅबचं काम चांगलं चाललं. उगीच वाईट म्हणणार नाही. हिवाळा, उन्हाळा सगळा सुरळीत गेला. गाडी वेळेवर यायची, रिपोर्ट छापील, सुबक. व्हरांडा मोकळा झाला. अध्यक्षांनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

मग पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि पूल पाण्याखाली गेला. गाडी आली नाही. त्याच दिवशी नाल्याच्या अलीकडच्या एका गावातून एका बाईला खाटेवर घालून आणलं. तिशीची असेल. ताप, डोळे पिवळे, अर्धवट शुद्धीत. नवरा पायरीवर बसून राहिला. दवाखान्यात तापाची किट होती, ती दोनदा लावली. दोन्ही वेळा हिवताप नाही म्हणाली. डॉक्टर नवे होते, मन लावून काम करणारे. डोळे पिवळे म्हणून ते काविळीच्या वाटेने गेले. रक्त काढून ठेवलं, पण ते न्यायला गाडी नव्हती.

दुपारी ललिता माझ्या टेबलापाशी आली.

"साहेब, किल्ली देता काय? मी पाह्यतो एकदा. रंग आहे अजून बाटलीत."

मी म्हणालो, "ललिता, तुझ्याकडे कागद नाही. उद्या काही झालं तर कोण जबाबदार?"

"मी कुठी रिपोर्ट देऊन राह्यली? मी फक्त पाह्यतो. दिसलं तर डॉक्टरसाहेबाले सांगतो. मंग त्याइनं पाहावं."

"नाही," मी म्हणालो. "वॉर्डात जा."

किल्ली माझ्या खणात होती. ती उभी होती तिथून एक हाताच्या अंतरावर.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतःच हिवतापाचं इंजेक्शन सुरू केलं. तोपर्यंत लघवी बंद झाली होती. संध्याकाळी ती बाई गेली. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, नमुना गेला, पाचव्या दिवशी माझ्या फोनवर रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह, पुढे अधिकची तीन चिन्हं. म्हणजे काचेवर शोधावंही लागलं नसतं, इतके होते.

दिवाळीनंतर ललिताने काम सोडलं. आता ती एका आश्रमशाळेत स्वयंपाक करते असं ऐकलं. मी नवी टिप्पणी लिहिली, निदान एक माणूस तरी इथे हवा म्हणून. ट्रस्टने एक डिप्लोमावाला घेतला, तो पुढच्या पावसाच्या आधी निघून गेला. नमुने अजून बाहेरच जातात. मीही तिथे राहिलो नाही. त्यानंतर वर्षभरातच बाई वारल्या. बहिणीचा फोन आला होता. ती तेलुगूत बोलत रडत होती, मला फक्त 'अक्का' एवढंच कळलं आणि तेवढ्यात सगळं कळलं.

पण त्याआधी मी बाईंना एकदा भेटलो होतो. पुरानंतर भेटायची हिंमत व्हायला मला सहा-सात महिने लागले. सिरोंच्याला उतरलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. बहिणीच्या अंगणात मिरची वाळत होती, तिच्या ठसक्याने डोळ्यांना पाणी येत होतं. बाई ओट्यावर बसल्या होत्या. बोटं स्वच्छ होती, साध्या माणसाच्या बोटांसारखी. मनगटावर घड्याळ नव्हतं.

"कोण आहे जी?" त्यांनी विचारलं. मी चार हातांवर उभा होतो.

मी नाव सांगितलं. त्यांनी शेजारी ओट्यावर थोपटलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं. पूर, खाटेवरची बाई, ललिता, किल्ली. काही लपवलं नाही. त्या ऐकत होत्या.

"कोणत्या गावची होती?" त्यांनी विचारलं.

मी गाव सांगितलं.

"लेकरं?"

"दोन."

आत बहीण भांडी वाजवत होती.

"बाई," मी म्हणालो, "तुमच्या डोळ्याचं मी लिहायला नको होतं."

"नाई, ते लिहाचंच होतं," त्या म्हणाल्या. "कोणाले सांगू नका म्हटलं होतं, पण तुमाले कायले सांगतलं होतं मी? माह्यानं आता होत नाई हे मले स्वतःले समजलं नसतं, भाऊ. पाह्यणाऱ्याले आपलं कमी दिसणं दिसत नाई. कोणीतरी मले थांबवाले पाह्यजे होतं. तुमी इमानदार वाटले. म्हणून सांगतलं."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठे तरी होते.

"फक्त मले वाटलं होतं, तुमी पहिले मले सांगान. बाई, आता उठा म्हणून. त्याच दिवशी उठली असती मी. खुर्चीवर ललिताले बसवून उठली असती."

बहिणीने पाट मांडले, ताट आणलं. गोदावरीची मासोळी होती. मी जेवत नाही, बस आहे, असं काहीतरी म्हणालो, पण बाईंनी हाताने चाचपून ताट माझ्यापुढे सरकवलं, म्हणून बसलो. त्या समोर बसून राहिल्या. माझा घास थांबला की त्यांना ऐकू येत असावं. त्या बहिणीकडे वळून म्हणाल्या, "इंकोंचेम."

एवढं तेलुगू मला येत होतं. आणखी थोडं वाढ, त्या म्हणत होत्या. बहिणीने वाढलं. मी मान खाली घालून जेवत राहिलो.